बाईंची स्टुलं

बाई,

तुमची स्टुलं मी काढली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहणार नाही. डोंबिवलीच्या आपल्या गाळ्यात तीन खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेशेजारी एक लोखंडी स्टूल होतं, वर हिरवं रेक्झिन. फरशी कुठेच सपाट नसल्यामुळे प्रत्येकाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असायची. ही स्टुलं आपल्यासाठी नव्हती. आपण दोघं दिवसभर उभेच असायचो. ती होती पेशंटबरोबर आलेल्या माणसासाठी. नवरा, सून, बहीण, शेजारीण, जो कोणी रिक्षातून धरून आणेल त्याने स्टुलावर बसायचं, हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवायचं आणि पेशंटच्या अंगाला हात लावायचा. बाहेर बाकावर बसून वाट बघायची सोय तुमच्याकडे नव्हती. 'अहो, इकडे या, आत बसा,' असं म्हणून तुम्ही माणसाला मनगटाला धरून आत आणायचात, त्याचा हात पेशंटच्या दुखऱ्या अवयवावर ठेवायचात, आणि त्यावर आपला. मग तीन हात मिळून तो गुडघा वाकवायचे. नवीन माणसाला वाटायचं, आपण फिजिओथेरपीला आलो की कुठल्या शपथविधीला.

मी तुमच्याकडे आलेलो तेव्हा नुकती डिग्री मिळाली होती आणि डोक्यात मशिनं होती. करंटचं, शेकाचं, ट्रॅक्शनचं. पहिल्या दिवशी तुम्ही मला एक नेलकटर दिलात. साधा, स्टीलचा, स्टेशनबाहेरच्या गाडीवर मिळतो तसा. मला वाटलं, गंमत करताय. 'आपलं पहिलं मशीन हे,' म्हणालात आणि दोन्ही हात पुढे करायला लावून माझी नखं बघितलीत. नंतर दर सोमवारी बघायचात. मी दाढीमिशी आलेला बाप्या, आणि शाळेतल्या पोरासारखे हात पुढे करून उभा. नातेवाइकांचीही तीच गत. मोठ्या हुद्द्यावरचा साहेब का असेना, आधी नखं कापायची, मग आईच्या पाठीला हात लावायचा. मी घरी जाऊन तुमची नक्कल करायचो, हे तुम्हांला कधी कळलं नाही. बहुतेक कळलं असणारच.

एक दुपार मला अजून दिसते. मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा खाटेवर आहेत आणि बरोबर त्यांची सून आली आहे. लग्नाला फार दिवस झालेले नाहीत. तुम्ही तिला म्हणता, टाच तळव्यात घ्या आणि पाय वर उचला. ती उभीच राहते. सासऱ्यांच्या पायाला असा हात लावायचा, तोही चारचौघांत, हे तिला जड जातंय. आजोबाही छताकडे बघतायत. मला वाटतं, सोडून द्यावं, मीच उचलतो. मी पुढेही होतो. तुम्ही मला कोपराने मागे सारता आणि तिला अगदी सहज विचारता, 'नमस्कार करताना धरता ना यांचे पाय? तसेच धरा. फक्त लगेच सोडू नका.' ती हसते, आजोबा हसतात, आणि पाय उचलला जातो. पुढे ती सून इतकी तयार झाली की आजोबा तिला घाबरायला लागले. काही आठवड्यांत काठी टेकत ते स्वतः पेढे घेऊन आले आणि त्यानंतर आपल्याकडे कधीच आले नाहीत. तुम्हांला याचा केवढा आनंद झाला होता.

आणि एकदा तुम्ही मला झापलंत. गर्दीचा दिवस होता, बायकोच्या दुखऱ्या खांद्यासाठी आलेल्या एका गृहस्थांचे गुडघे स्टुलावरून माझ्या वाटेत येत होते, म्हणून मी त्यांना जरा बाहेर बसायला सांगितलं. सगळे गेल्यावर दार लोटून घेतलंत. 'आपण अर्धा तास हात लावणार. उरलेला दिवस तो खांदा कुणाच्या घरी असतो? तुझ्या की त्यांच्या? ज्याच्या घरी खांदा, त्याला बाहेर बसवतोस होय रे?' आवाज चढवला नव्हतात. मी जरा चिडूनच विचारलं, की घरच्यांना सगळं शिकवून टाकलं तर आपल्याकडे येणार कोण? तुम्ही टॉवेलांच्या घड्या घालत होतात. 'बरा होऊन गेला की त्याची मावशी येते,' एवढंच म्हणालात. आणि मावश्या यायच्या. तुमचा अख्खा धंदा मावश्यांवर चालला. हॉस्पिटलांचे उंबरे तुम्ही झिजवले नाहीत, कुणा डॉक्टरला दिवाळीचं पाकीट पाठवलं नाहीत. ठाण्याला टेंभी नाक्याच्या घरून निघायचं, नवरात्रात रस्ता बंद असला तर चालत स्टेशन गाठायचं, आणि डोंबिवलीत उतरून गाळ्याचं शटर वर करायचं. मग एका वर्षी गुडघ्यांनी तुमचंच ऐकणं सोडलं, तेव्हा गाळा, खाटा, स्टुलं असं सगळं माझ्या हवाली करून तुम्ही घरी बसलात. आणि त्यानंतर फार दिवस राहिला नाहीत.

तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं मीही मावश्यांवर काढली. मग दिवस पालटले, आणि कसे पालटले हे तुम्हांला सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हांला वाटेल मी नुसताच लोभी झालो. शीळफाट्याच्या रस्त्याला मोठं हॉस्पिटल झालं. आपल्या भागातले हाडांचे डॉक्टर एकेक करून तिकडे नोकरीला लागले. तिथे ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी सोडतानाच तिथल्याच फिजिओच्या तारखा हातात मिळतात. दाखल असताना केलेलं सगळं विम्यातून होतं, माझ्या गाळ्यात केलेलं काहीच होत नाही. ज्यांना प्रवास नको ते मोबाइलवर बटण दाबतात आणि टी-शर्टावर नाव छापलेला मुलगा दारात हजर होतो. तो मुलगाही पुष्कळदा माझ्याकडेच शिकून गेलेला असतो आणि रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो, आता काय बोलणार. उरलेले लोक मोबाइलवरचे व्हिडिओ बघून स्वतःच मान मोडून घेतात. मावशी आता भाच्याला विचारत नाही, फोनला विचारते. त्यात आपली बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, जुना गाळा गेला, नव्या जागेचं भाडं ऐकून बायकोने हिशेबाची वही मिटून ठेवली. माझ्याकडे दोन मुली कामाला आहेत, चांगल्या हाताच्या. त्यांचे पगार उशिरा व्हायला लागले तेव्हा त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

तेव्हा माझा मेहुणा आला. ठाण्यात मोठ्या कंपनीत आहे, हुशार आहे, मनाने वाईट नाही. रविवारी जेवायला आला आणि श्रीखंड खाता खाता त्याने माझ्या धंद्याची नाडी बघितली. 'भावोजी, राग नका मानू. तुमचा प्रॉब्लेम काय आहे माहितेय? तुमचे पेशंट लवकर सुटतात. आणि ते स्टूल-बिल काय प्रकार आहे? नातेवाईक बाजूला बसून सगळं शिकतात आणि नंतर फिरकत नाहीत. तुम्ही फुकटात क्लास चालवताय.' मी हसलो. बाई, मी हसलो तिथेच मला पटलं होतं. पुढच्या महिन्यात एकेका सिटिंगऐवजी पॅकेज आलं. स्टुलं निघाली आणि त्या जागेत चौथी खाट बसली. खाटांभोवती पडदे आले. बाहेर एसी, सोफा आणि टीव्ही आला, आणि नातेवाईक तिथे बसायला लागले. त्यांनाही ते बरं वाटलं, खोटं का सांगू. कुणाला नखं कापायची हौस असते? आणि कोणी फारच विचारलं की घरी आम्ही काय करू, तर सांगायला मी एक वाक्य तयार केलं. 'घरी काही करू नका, उलटसुलट झालं तर महागात पडेल.' हे वाक्य सरळ खोटं नाही, म्हणूनच ते माझ्या तोंडात इतकं छान बसलं. दवाखाना तगला. मुलींचे पगार वेळेवर व्हायला लागले. मीही रात्री झोपायला लागलो. हेही सांगतो, कारण तेही खरं आहे.

दोन वर्षं तसंच चाललं. मग कल्याणहून एक जोडपं यायला लागलं. पारनाक्याच्या बाजूला राहतात, मुलगी परदेशात, घरी दोघंच. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, डावा हात लुळा. पाय बऱ्यापैकी सुधारला होता, हाताचं काम बाकी होतं. अशा हातात खांद्याचा सांधा सैल असतो. तो रोज, सांभाळून, मागच्या पात्याला आधार देऊन हलवला नाही तर आखडून बसतो. तुम्ही हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतंत. काका पहिल्याच दिवशी पडद्याच्या आत डोकावले. 'डॉक्टर, मला शिकवाल का? मी दिवसभर घरीच असतो. रोज करीन.' बाई, स्टुलावर बसवायला याहून चांगला माणूस तुम्हांलाही कधी मिळाला नसेल. आणि मी माझं वाक्य काढलं. त्यांचा उत्साह बघून ते जरा जास्तच ठासून म्हटलं. 'काका, झटक्याचा खांदा आहे, चुकीचा ओढला तर निखळतो. घरी त्या हाताला काही करू नका. तेल नको, चोळणं नको, हलवणं नको. आम्ही आहोत ना.' काकांनी मान हलवली. आयुष्यभर विजेच्या तारांजवळ काम केलेला माणूस, 'हात लावू नका' हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाहेर जाऊन त्यांनी सर्वांत मोठं पॅकेज घेतलं.

सुरुवातीला ते नेमाने आले. मंगळवार आणि शुक्रवार. खांदा हळूहळू वर जायला लागला होता. काकू म्हणायच्या, एकदा केसांपर्यंत हात पोचला की माझी मी वेणी घालीन, यांची वेणी म्हणजे सुतळी वळल्यासारखी. मग ते यायचे थांबले. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, काकूंना जिना उतरवून रिक्षात बसवणं त्यांना शक्य नव्हतं. माझ्या ते लक्षातही आलं नाही. पॅकेजचे पैसे आधीच आलेले असले की माणूस आला नाही तरी जागा रिकामी दिसत नाही. आमच्याकडे न येणाऱ्यांना आपोआप मेसेज जातो, 'तुमची सेशन्स लवकरच संपत आहेत'. तो मेसेज काकांना गेला. त्यावर त्यांनी दवाखान्यात फोन करून माफी मागितली. कामावरच्या मुलीने मला येऊन सांगितलं, मी हातातलं काम चालू ठेवून 'बरं' म्हणालो. उचलून एक फोन करायचा होता. कल्याण काही लांब नाही, जाऊनही आलो असतो.

ते आले ते पावसाळा संपता संपता. काकूंनी अंगावर शाल घेतली होती. मी ती काढली तर खाली ब्लाउजची एक बाजू बगलेपासून उसवून त्याला हुकं लावलेली. काका म्हणाले, 'शिंप्याकडून करून घेतलं. हात वर होत नाही ना, घालणार कसं.' मी खांद्यामागे हात घातला. पातं बरगड्यांना चिकटल्यासारखं झालं होतं. हात थोडासा उचलला आणि काकूंनी ओठ आवळले. मग मी त्यांची मूठ बघितली. ती घट्ट मिटलेली होती. एकेक बोट सोडवत ती उघडली तर तळव्यात लाल चंद्रकोरी उमटलेल्या, एक जागा ओली. नखं वाढून तळव्यात रुतली होती. उजव्या हाताची नखं नीट कापलेली होती, डाव्या हाताची नव्हती. मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, 'कापायची होती हो. पण तुम्ही म्हणाला होतात ना, त्या हाताला काही करायचं नाही. शेजारच्या वहिनी तेल लावून चोळून देते म्हणत होत्या, मी नाही म्हटलं. भांडण झालं त्यावरून. पण मी कुणालाही हात लावू दिला नाही.' आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपण डॉक्टरांचा शब्द पाळला याचं.

मी टेबलाच्या खणातून तुमचा नेलकटर काढला. इतकी वर्षं तो तिथेच आहे. काकूंची नखं मी कापली. फार वेळ लागला. बोटं धरून ठेवायला दुसरं माणूस लागत होतं, म्हणून काकांना बोलावलं. बसायला काही नव्हतं. त्यांनी बाहेरून प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली आणि ती पडद्यात अडकली, तेव्हा मी पडदाच सरकवून टाकला. मग त्यांना हात पुढे करायला सांगितलं, नखं बघितली, आणि त्यांचा एक हात काकूंच्या कोपराखाली आणि दुसरा खांद्याच्या पात्यावर ठेवला. वरून माझे. 'दुखेल का तिला?' असं दोनदा विचारलं. हात जेमतेम वीतभर वर गेला आणि परत खाली आला. या वेळी काकूंनी ओठ आवळले नाहीत. बाई, मला त्या क्षणी तुमची फार आठवण आली आणि तुम्ही तिथे नाही याचं बरंही वाटलं.

मग काकांनी विचारलं. रागाने नाही. मीटरचं रीडिंग विचारावं तसं. 'हे एवढं सोपं होतं, तर आधी का नाही शिकवलंत?'

आता हे नीट ऐका, कारण बाकी सगळं मी यासाठी लिहिलंय. तेव्हा मी खरं सांगू शकलो असतो. समोर माणूस होता, प्रश्न सरळ होता, काकूंशिवाय ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, 'आधी खांदा तयार नव्हता, काका. योग्य वेळ यावी लागते.' एका दमात म्हणालो, न अडखळता. आणि काकांनी ते ऐकलं, मान हलवली आणि काकूंना म्हणाले, 'बघ, मी सांगत होतो ना. डॉक्टरांचं सगळं बेताने असतं.' काकूंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, 'दिवाळीपर्यंत केसांपर्यंत पोचेल का हो?' मी म्हणालो, बघू. तो खांदा आता पूर्ण वर जायचा नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. केसांपर्यंत कदाचित, मागे वेणीपर्यंत नाही. शिकवलं असतं तर गेला असता. हे मी दुसऱ्या कुणाला म्हणू शकणार नाही, पण तुम्ही तो खांदा हातात घेतला असतात तर तुम्हांला लगेच कळलं असतं.

तुमच्या स्टुलांपैकी दोन भंगारात गेली. एक माळ्यावर राहिलं होतं, ते मी खाली काढलं. रेक्झिन फाटलंय, त्यावर टॉवेल टाकतो. मंगळवारी आणि शुक्रवारी ते काकूंच्या खाटेजवळ असतं आणि काका त्यावर बसतात. घरी रोज करतात, परदेशातल्या मुलीला व्हिडिओवर दाखवतात. मेहुणा ते स्टूल बघून बाहेर सोफ्यावर जाऊन बसला, म्हणजे त्याला सगळं कळलं. बाकीच्या खाटांजवळ मात्र स्टूल नाही. पडदे तसेच आहेत, सोफा आहे, टीव्ही आहे, आणि ते वाक्यही मी अजून वापरतो, जरा मऊ करून. प्रत्येक खाटेजवळ स्टूल ठेवलं तर दोन मुलींपैकी एकीला जा म्हणावं लागेल. कुणाला म्हणू? हा हिशेब तुम्हांला कधी करावा लागला नाही, असं म्हणून मी तुमच्यावर चिडूनही बघितलं. पण तुमच्याही गाळ्याचं भाडं थकायचंच की. तुम्ही दुपारचा डबा घरून आणायचात आणि त्यातला अर्धा मला द्यायचात. तेव्हा मला वाटायचं, बाईंना भूक कमी आहे.

हे पत्र खरं म्हणजे कल्याणला जायला हवं. पत्ता माझ्याकडे आहे, केस पेपरवर लिहिलेला. पण काकांना लिहायला बसलो की 'आदरणीय काका' याच्यापुढे पेन सरकत नाही, म्हणून म्हटलं आधी तुमच्यासमोर म्हणून बघावं. तुमच्यासमोर जमलं. तुम्ही झापाल, पण दर मंगळवारी समोर येऊन बसणार नाही. काका येतील. हल्ली ते आत आले की मी काही म्हणायच्या आधी स्टुलावर बसतात, दोन्ही हात पुढे करतात आणि मला नखं दाखवतात. मी एकेक बोट बघतो आणि म्हणतो, छान आहेत.